गॅरेजात आली की शहाणी

सरांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच सेल्फात चालू झाली. सरांचा चेहरा पडला.

"काल बँकेसमोर पाऊण तास उभी होती हो," ते म्हणाले. "शेवटी चार पोरांनी ढकलली." त्यांनी गाडी बंद केली, पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा चालू. तिसऱ्यांदा तर किल्ली पुरती फिरायच्या आतच इंजिन घुमलं. गॅरेजातल्या पोऱ्याने तोंड वळवून हसू दाबलं. मिस्त्री मात्र हसले नाहीत. चिपळुणात तीस वर्षं गॅरेज चालवताना त्यांनी अशा गाड्या पुष्कळ पाहिल्या होत्या. रस्त्यात रुसायचं आणि गॅरेजात आलं की शहाण्यासारखं वागायचं, ही एक जातच असते. पूर्ण बंद पडलेली, टोइंगच्या दोराने ओढत आणलेली गाडी त्यांना आवडते. तिच्यात जे बिघडलंय ते अजून बिघडलेलंच असतं. कधी चालू होणारी, कधी न होणारी गाडी आली की पहिला प्रश्न दुरुस्तीचा नसतोच. आजार आत्ता घरात आहे की बाहेर गेलाय, इथून सुरुवात होते.

सर मार्गताम्हाण्याच्या बाजूचे, हायस्कूलमधून निवृत्त झालेले. गाडी अकरा वर्षं जुनी, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक, २०२२ मध्ये सेकंडहँड घेतलेली. सोबत एक फाइल होती आणि फाइलमध्ये तीन गॅरेजांची बिलं. पहिल्या ठिकाणी बॅटरी बदलली. दुसऱ्या ठिकाणी सेल्फ खोलून कार्बन आणि बुश नवे टाकले. तिसऱ्याने इग्निशन स्विच बदलला. दर वेळी गाडी आठ-दहा दिवस नीट चालली आणि मग एखाद्या दुपारी, भर बाजारात, किल्ली फिरवल्यावर नुसतं 'टक्' झालं.

या तिघांपैकी कुणी फसवलं, असं मिस्त्रींना वाटलं नाही. अधूनमधून होणाऱ्या बिघाडाची हीच खोड आहे. त्याला आपल्या मर्जीने थांबायची सवय असते, आणि तो ज्याच्या हातात थांबतो त्याच्या औषधाला गुण आला असं सगळ्यांना वाटतं. त्यातही एक गंमत आहे. बॅटरी बदलायची तर टर्मिनल खोलावी लागतात, सेल्फ काढायचा तर जाड वायरी हलतात. हलवाहलवीत एखादा गंजलेला जोड चार दिवसांसाठी नीट बसतो. पार्ट बदलल्याने गाडी सुधारली की पार्ट बदलताना हात लागल्याने सुधारली, हे बिलावर कुठे लिहिलेलं नसतं.

मराठी माणूस ज्याला सेल्फ म्हणतो त्याला कागदोपत्री स्टार्टर मोटर म्हणतात. पण सेल्फ हा शब्द काही चुकीचा नाही, तो जुना आहे. गाडीच्या नाकात लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवायचे दिवस होते. उलटा झटका बसला तर मनगट मोडायचं. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने विजेवर चालणारी मोटर बसवली आणि गाडी 'स्वतःच' सुरू होऊ लागली. त्या सेल्फ-स्टार्टरमधला मागचा शब्द गळाला आणि पुढचा आपल्याकडे कायमचा राहिला. इथे गाडी सेल्फ घेते, सेल्फ उचलत नाही, सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. मिस्त्रींच्या उस्तादांनी ॲम्बेसेडर हँडल मारून सुरू केलेल्या होत्या. अंगठा बाकीच्या बोटांसोबत एकाच बाजूला ठेवायचा, हँडलभोवती वळवायचा नाही, हे त्यांनी मिस्त्रींना शिकवलं होतं. तोवर हँडल मारायची वेळ कुणावर येत नव्हती, तरी शिकवलं.

मिस्त्रींनी सरांना बाकड्यावर बसवलं आणि बॉनेट न उघडताच प्रश्न सुरू केले. चालू होत नाही तेव्हा इंजिन फिरतं की फिरतच नाही? फिरतं पण पेट घेत नाही, असं होतं का? डॅशबोर्डावरचे लाइट मंद होतात का? हॉर्न वाजतो का? दुसऱ्या किल्लीने बघितलंत का?

"दुसरी किल्ली घरी कपाटात आहे," सर म्हणाले.

बरेचसे लोक या प्रश्नांना एकच उत्तर देतात : "स्टार्टिंग ट्रबल आहे." त्यात पोटदुखी आहे एवढंच कळतं. इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तर पेट्रोल, ठिणगी, सेन्सर, किल्लीतली चिप यांच्याकडे बघायचं. इंजिन फिरतच नाही, तर बॅटरी, वायरी, सेल्फ आणि स्विच. दोन्ही वाटा पहिल्याच वळणावर वेगळ्या होतात, आणि चुकीच्या वाटेला लागलेला माणूस कितीही हुशार असला तरी संध्याकाळी रिकाम्या हाताने परत येतो. न फिरण्याचेही आवाज निरनिराळे. 'टकटकटकटक' असा शिवणयंत्रासारखा आवाज आला तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली. सेल्फवरचा सोलेनॉइड आत ओढला जातो, मोटरचा भार पडताच बॅटरीचा दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, दाब परत वर येतो, पुन्हा ओढला जातो; सेकंदात अनेकदा. एकच घट्ट 'टक्' आणि मग शांतता, हे दुखणं निराळं. त्याचा अर्थ सोलेनॉइडने आपलं काम केलं, पुढे मोटरला पुरेशी वीज मिळाली नाही किंवा मोटरच अडली.

सरांनी पिशवीतून एक वही काढली. दोनशे पानी, शाळेत मिळते तशी. पट्टीने आखलेले रकाने : तारीख, वेळ, ठिकाण, हवामान, लक्षण, कारण. शेवटचा रकाना पूर्ण कोरा. एकूण अकरा नोंदी. मिस्त्रींनी हात फडक्याला पुसले आणि वही घेतली. गॅरेजच्या धंद्यात एवढी नीट केस-हिस्ट्री कुणी आणून देत नाही, लोक गाडी सोडून रिक्षाने निघून जातात आणि संध्याकाळी फोनवर "झाली का?" विचारतात.

दहा नोंदी एकसारख्या होत्या. चालवून आणली, पाच ते पंधरा मिनिटं थांबवली, मग चालू झाली नाही. बँक, दवाखाना, मच्छी मार्केट, पुन्हा बँक. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप चालू. लक्षणाच्या रकान्यात 'एकदा टक्', 'एकदा टक्', 'एकदा टक्'. आणि एक नोंद वेगळी होती : तीन तारीख, पहाटे साडेपाच, घरच्या अंगणात, 'काहीच आवाज नाही'. त्याच दिवशी सहा वाजता चालू.

दहा नोंदी सांगत होत्या की गाडी तापलेली असताना अडते. सरांचा स्वतःचा तर्क होता की ती बँकेसमोरच अडते, कारण तिथे चढ आहे. तर्क अगदीच टाकाऊ नव्हता. पण बँकेसमोर ती गरम असते आणि अंगणात थंड, हा फरक चढापेक्षा मोठा.

उष्णतेचे बिघाड मिस्त्रींना नवे नव्हते. लहानपणी ते मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात शिकले. तेव्हाच्या फियाटी आणि ॲम्बेसेडर उन्हाळ्यात घाट चढून आल्या की वर टेकल्यावर बंद पडायच्या आणि मग तासभर चालू व्हायच्या नाहीत. तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ व्हायची, आणि पेट्रोल ओढायला बनवलेल्या पंपाला वाफ ओढता येत नसे. उपाय सर्वांना ठाऊक होता : ओलं फडकं पंपावर टाकायचं, चहा प्यायचा, निघायचं. बोरघाट, कशेडी, कुठेही बॉनेट उघडी टाकून उभ्या असलेल्या गाड्यांच्या पंपावर फडकी दिसायची. आता टाकीतच विजेचा पंप असतो, नळीत दाब असतो, वाफ होत नाही. पण काही वर्षांपूर्वी कुंभार्ली घाटातून मिस्त्रींना फोन आला : गाडी चढून वर आली, चहाला थांबली, आता इंजिन फिरतंय पण पेटत नाही, सिलिंडर गार झाल्यावर नीट होते. हे दुखणं त्यांनी फोनवरच ओळखलं. इंजिनाच्या दांड्याची जागा कंप्युटरला सांगणारा क्रँक सेन्सर तापला होता. आतली बारीक तार तापून तुटते आणि निवली की पुन्हा जुळते. तिथून खबर आली नाही की कंप्युटर ना पेट्रोल सोडत ना ठिणगी. मिस्त्रींनी त्या ड्रायव्हरला सेन्सर कुठे आहे ते सांगितलं आणि त्यावर ओलं फडकं धरायला लावलं. गाडी सुरू झाली. फडकं तेच, जागा बदलली होती.

पण सरांच्या गाडीचं इंजिन फिरतच नव्हतं. क्रँक सेन्सर इथे निर्दोष.

बॅटरीचंही तसंच. मिस्त्रींनी मीटर लावला : १२.६ व्होल्ट. इंजिन चालू असताना १४.२. म्हणजे बॅटरी भरलेली आणि अल्टरनेटर तिला भरतोय. बॅटरीच्या बाबतीत लोकांचा घोटाळा होतो तो या आकड्यांमुळे. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली आणि १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. "बारा आहेत ना, मग?" गणपतीत हा संवाद रोज होतो. शिमग्याला गावी आणून ठेवलेली चाकरमान्याची गाडी तो गणपतीला येऊन चालू करतो आणि ती होत नाही. चांगली गाडी झोपेतही साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत वीज खाते. घड्याळ, अलार्म, रेडिओची आठवण. दिवसाला १.२ अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे महिन्याभरात संपली. त्यात हौसेने लावलेला जीपीएस ट्रॅकर असेल आणि सगळं मिळून २०० मिलिअँपिअर ओढत असेल, तर आठवडा पुरे. हे गणित सांगून झालं की चाकरमानी म्हणतो, कंपनीची बॅटरी आहे, असं कसं होईल.

सरांच्या गाडीला स्कॅनरही लावला होता कुणीतरी. सोळा पिनांच्या सॉकेटातून पाच-सहा कोड निघाले होते, सगळे व्होल्टेज कमी असल्याचे. एबीएसचा, स्टिअरिंगचा, आणखी कशाकशाचा. त्यावरूनच पहिली बॅटरी बदलली गेली. स्कॅनर खोटं सांगत नव्हता. सेल्फ मारताना दाब खाली जात होता, तो का जात होता हे त्याला विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तरी कळलं नसतं. जाड वायरीच्या टोकाला बसलेल्या नटबोल्टावर सेन्सर नसतो.

आता मिस्त्रींनी मीटरची काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवली. क्लॅम्पवर नाही, खुद्द खुंटीवर. लाल सुई इंजिनाच्या उघड्या ॲल्युमिनियमवर. पोऱ्याला सेल्फ मारायला सांगितला. गाडी झटक्यात चालू झाली, आणि त्या झटक्यात मीटरने ०.६ दाखवले.

ही तपासणी फार जुनी आणि फार स्वस्त आहे, तरी ती करताना फार थोडे लोक दिसतात. बॅटरीतून निघालेली वीज सेल्फमधून फिरून निगेटिव्हला परत यायला हवी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून बॉडी आणि इंजिन यांच्यात तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी जोडतात. तिला अर्थपट्टी म्हणा. परतीची सगळी वीज तिच्यावरून येते. बॅटरीची खुंटी आणि इंजिन यांच्यात सेल्फ मारताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसायला नको. ०.६ म्हणजे वाटेत कुठेतरी वीज अडतेय. सेल्फ दीडशे अँपिअर ओढतो असं धरलं, तर ओहमच्या पन्नासाव्या भागाइतका अडथळासुद्धा तीन व्होल्ट गिळतो. तेवढ्याच अडथळ्यातून हेडलाइटचे आठ-दहा अँपिअर गेले तर दोन दशांश व्होल्टसुद्धा जेमतेम जातात. म्हणून लाइट लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, आणि सेल्फ तेवढा घेत नाही. गिऱ्हाइक गोंधळतं ते इथे.

पोऱ्या दहाचा आणि बाराचा पाना घेऊन वाकला होता. पट्टी कुठे असते ते त्याला ठाऊक होतं.

"हात लावू नको," मिस्त्री म्हणाले.

पोऱ्याला काही कळेना. दुखणं सापडलं, पट्टी बदलायची, गाडी द्यायची. गॅरेजात दोन गाड्या रांगेत होत्या. पण मिस्त्रींच्या डोक्यात सरांची फाइल होती. ०.६ वाईट होता, तरी गाडी चालू होत होती. म्हणजे बँकेसमोरच्या 'टक्'चं हेच कारण आहे हा अजून अंदाज होता. आज पट्टी बदलली तर गाडी दहा दिवस चालणार, कारण ती कशानेही दहा दिवस चालते. मग फाइलमध्ये चौथं बिल लागणार. बिघाड समोर घडताना पाहिल्याशिवाय त्या बोल्टाला पाना लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. हा त्यांचा हट्ट काहींना वेळकाढूपणा वाटतो. बाकी सगळी कसरत शिकून येते. सापडल्यासारखं वाटत असताना हात मागे ठेवणं मात्र फार थोड्यांना जमतं, आणि त्याचं कारण स्वभावात कमी, पैशात जास्त आहे. गिऱ्हाइक पार्टचे पैसे देतं. जुना काढलेला पार्ट पिशवीत घालून दाखवला की ते खूश होतं. तीन दिवस गाडी ठेवून नुसती पाहिली, याचे पैसे मागायचे कसे?

सर रिक्षाने गेले. मीटरच्या दोन लांब वायरी बॉनेटमधून दाराच्या फटीतून आत आल्या, मीटर डाव्या सीटवर पडला, आणि गाडी मिस्त्रींच्या घरच्या कामाला लागली. पहिल्या दिवशी काही झालं नाही. सकाळी ०.५, दुपारी ०.९. दुसऱ्या दिवशी पाऊस होता, ०.७. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. मिस्त्री परशुराम घाट चढून-उतरून आले, पेट्रोल पंपावर हवा भरायला दहा मिनिटं थांबले, किल्ली फिरवली.

टक्.

मीटरवर ४.१. मिस्त्रींना एवढा आनंद झाला की हवावाला पोरगा बघत राहिला. त्यांनी डिकीतून जंप केबल काढली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या लिफ्टिंगच्या कडीला. किल्ली फिरवली, गाडी एका सेल्फात चालू. बंद केली, केबल काढली : टक्. केबल लावली : चालू. असं तीनदा केलं. आता अंदाज राहिला नव्हता.

गॅरेजात आणून पट्टी काढली तेव्हा ती वरून चांगली दिसत होती. बोल्टही घट्ट होता. तिघांपैकी कुणीतरी आवळला असणार. पण टोकाच्या तांब्याच्या कानाला नखाने खरवडलं तर हिरवट कळंक निघाला, कल्हई उडालेल्या भांड्यात चढतो तसा. वेणीच्या तारा त्या कानात जिथे शिरत होत्या, तिथे निम्म्याहून जास्त तारा मोडून भुसा झाल्या होत्या. पट्टी थंड असताना उरलेल्या तारा काम भागवत होत्या. इंजिन तापलं की तांब्याचा विरोध वाढतो. साठ अंशांनी तापमान चढलं तर जवळपास पाव हिश्श्याने. सोलेनॉइडची पकड ढिली होते, सेल्फच्या वेटोळ्यांचाही विरोध वाढतो, आणि मधला कळकलेला जोड तापून आणखी बिघडतो. थोडं इथे, थोडं तिथे, आणि चालू होणं-न होणं यांच्यातली रेघ ओलांडली जाते.

मिस्त्रींच्या उस्तादांच्या काळात अर्थपट्टीने याहून वाईट करून दाखवलं होतं. एका टॅक्सीची ॲक्सिलरेटरची केबल दर महिन्याला जळून घट्ट व्हायची. तीन केबली बदलून झाल्या. कुणीतरी इंजिन उतरवताना पट्टी परत लावायला विसरलं होतं, आणि सेल्फची सगळी वीज परत जायला वाट शोधत त्या बारीक केबलीतून जात होती. दर सेल्फला केबल थोडी थोडी भाजत होती. उस्ताद हा किस्सा सांगून झाल्यावर शिकाऊ पोरांना विचारायचे, केबल कोणत्या कंपनीची होती? जो कंपनी विचारात घ्यायचा त्याला त्या दिवशी चहा आणायला जावं लागे.

पट्टीच्या कानाखाली, बॉडीला जिथे बोल्ट बसतो तिथे, आणखी काहीतरी होतं. मऊ, करडं, बोटाला लागलं की पिठासारखं. मिस्त्रींनी ते बोटांत चोळलं आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. हा गाळ ते ओळखत होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी शहरात शिरली तेव्हा त्यांच्या गॅरेजात तो माणूसभर उंचीपर्यंत आला होता. पाणी ओसरल्यावर पान्यांचे ड्रॉवर उघडले तर प्रत्येकात हाच लगदा. नंतर कितीतरी महिने त्यांनी पुरातल्या गाड्याच धुतल्या : कार्पेट काढायचं, सीट काढायच्या, वायरिंगचा प्रत्येक कपलर सोडवायचा, धुवायचा, वाळवायचा. ज्यांनी केलं त्यांच्या गाड्या अजून फिरताहेत. ज्यांनी नुसती बाहेरून धुऊन पॉलिश मारली त्या एजंटांच्या हातून फिरत गेल्या. पाणी कपलरात शिरून लगेच काही करत नाही. वर्ष-दोन वर्षांनी पितळ कळकतं, तारा आतून खाल्ल्या जातात, आणि एखाद्या दुपारी बँकेसमोर टक् होतं.

मिस्त्रींनी ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा हाताने ओढत ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला. एरवी इतका कुणी ओढत नाही, तिथे धुणाराचा हात पोचत नाही. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर करड्या रंगाची आडवी रेघ होती. त्यांनी पट्टा सोडून दिला. तो सरकन आत गेला.

सरांना सांगायचं की नाही, यावर ते संध्याकाळपर्यंत घुटमळले. विकणाऱ्याने सरांना "पाणी बघितलेलीच नाही" असं छातीठोक सांगितलं होतं, हे सरांनीच पहिल्या दिवशी कौतुकाने सांगितलं होतं. शेवटी सांगितलं. सर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढे अजून काय काय निघेल?" मिस्त्री म्हणाले, "बॉडीला जिथे जिथे अर्थ बसलाय ते सगळे बोल्ट मी काढून घासून ग्रीस लावून बसवतो. बाकीचं निघेल तसं बघू."

नवी पट्टी, सगळे अर्थ साफ. मीटरवर ०.१. बिल हाताने लिहिलं होतं : पट्टी २२०, मजुरी ५००, शोद ६००.

"हे काय?" सरांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"सापडेपर्यंत जे केलं ते," मिस्त्री म्हणाले. त्यांनी ही ओळ आयुष्यात पहिल्यांदाच लिहिली होती, आणि सर ती खोडायला सांगतील असं त्यांना वाटत होतं. सरांनी खिशातून पेन काढलं, 'द' खोडून 'ध' केला आणि पूर्ण पैसे मोजून दिले.

गणपती आले आणि गेले. गॅरेजात उतरलेल्या बॅटऱ्यांची रांग लागली. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या तीन गाड्या आल्या, एकीच्या एअर फिल्टरमध्ये तर करंज्यांचे तुकडे सापडले. एका नर्सबाईंची गाडी रात्रपाळीला निघतानाच अडायची, दिवसा नाही. तिथे मिस्त्रींनी अर्धा तास घालवला आणि मग खाली वाकून बघितलं : नवी जाड मॅट घसरून क्लचखाली गेली होती, क्लच पूर्ण दाबला जात नव्हता आणि पेडलवरचा स्विच सेल्फला परवानगी देत नव्हता. दिवसा गाडी त्यांचा मुलगा चालवायचा; त्याचे पाय लांब.

अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात सरांचा फोन आला. गाडी चालू होत नाही.

मिस्त्रींच्या पोटात गोळा आला. चौथं बिल. ते स्वतः स्कूटरवर गेले. सर बँकेसमोरच उभे होते, हातात वही.

"फिरतं का?" मिस्त्रींनी लांबूनच विचारलं.

"फिरतं. पेट घेत नाही." सर आता बरोबर शब्दांत सांगत होते.

मिस्त्रींनी श्वास सोडला. दुसरी वाट. ते आत बसले, किल्ली फिरवली. इंजिन जोमाने फिरलं, एकदा पेटल्यासारखं करून विझलं. डॅशबोर्डावर किल्लीचं चिन्ह असलेला दिवा भरभर लुकलुकत होता. त्यांची नजर खाली गेली. किल्लीच्या कड्याला गणपतीच्या मूर्तीचं एक पदक होतं, घराची किल्ली होती, आणि आणखी एक, तशीच, काळ्या डोक्याची किल्ली.

"ही कुठली?"

"दुसरी. तुम्हीच विचारलंत ना, दुसऱ्या किल्लीने बघितलंत का म्हणून. म्हटलं जवळ असू दे."

किल्लीच्या काळ्या डोक्यात एक चिप असते. तिला सेल लागत नाही. कुलुपाभोवतीचं वेटोळं तिला जागं करतं आणि तिचा नंबर वाचतं. नंबर जुळला तरच कंप्युटर पेट्रोल सोडतो. एकाच कड्यात दोन चिपा असल्या आणि दुसरी कुलुपाजवळ लोंबकळली, तर दोघी एकदम बोलायला लागतात आणि वेटोळ्याला धड एकही नंबर ऐकू येत नाही. कडं हलून दुसरी किल्ली खाली पडली की सगळं ठीक. म्हणून गेल्या आठवड्यात कधी झाली, कधी नाही.

मिस्त्रींनी दुसरी किल्ली कड्यातून काढून आपल्या खिशात टाकली आणि किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. त्यांना हसू आवरेना, आणि त्या हसण्यात थोडी लाजही होती. रोग त्यांच्याच प्रश्नाने लावला होता.

"किती द्यायचे?"

"काही नाही. हा माझ्या खाती."

सरांनी बॉनेटवर वही उघडली. आधी आजची नोंद केली : ११.४०, बँक, ढगाळ, 'फिरते, पेट नाही', आणि शेवटच्या रकान्यात 'दोन किल्ल्या'. मग मागे जाऊन पहिल्या नोंदीसमोर, इतके दिवस कोऱ्या राहिलेल्या रकान्यात, 'अर्थपट्टी' लिहिलं आणि खालच्या ओळींना एकेक करून 'सदर', 'सदर', 'सदर' करत आले. एका ओळीशी पेन थांबलं.

"ह्या तीन तारखेचं काय, मिस्त्री? पहाटे साडेपाच. अंगणात. टक् पण नाही."

मिस्त्रींनी वही हातात घेतली. पहाटे गाडी थंडगार, म्हणजे पट्टी नाही. दुसरी किल्ली तेव्हा कपाटात. इग्निशन स्विच त्यानंतर बदलला की आधी, हे त्यांनी फाइलीतल्या बिलाच्या तारखेशी ताडून पाहिलं. आधी बदलला होता. त्यांनी तो रकाना पुन्हा एकदा वाचला आणि वही परत दिली.

"तो असू दे तसाच, सर."

सरांनी पेनचं टोपण लावलं, गाडीत बसले, आणि निघण्याआधी एकदा बंद करून पुन्हा चालू करून बघितली.